उशीतला कापूस

भाजीच्या देठांचं आणि केळीच्या सालींचं खत कसं करावं, हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. लिफ्टमध्ये सांगते, दुधाच्या रांगेत सांगते, पालकसभेत तर सांगतेच. नवरा म्हणतो, आपल्याकडे पाहुणे जेवायला येतात आणि खताची बादली बघून जातात. म्हणू दे. आठवीला विज्ञान शिकवते मी, तेही कित्येक वर्षं. आमच्या गॅलरीतल्या बादलीचं झाकण उघडलं तर जंगलातल्या मातीसारखा वास येतो. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं येऊन हुंगावं.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. इथल्या सरकारी शाळेत मराठी माध्यमाला नोकरी लागली म्हणून मी सिल्वासाला आले. मग लग्न, मग नवऱ्याचीही इथल्याच कचेरीत नोकरी, आणि इथेच सामरवरणी भागात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. माहेरी खत मुद्दाम करावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. माशांची खवलं, नारळाच्या शेंड्या, भांड्यांचं खरकटं पाणी, सगळं माडाच्या मुळाशी जायचं आणि पुढचं माड बघून घ्यायचा. इथे माझ्या वाट्याला बारा फुटांची गॅलरी आली. तिच्यात रंगाच्या रिकाम्या बादल्या, मासेवालीकडून मागून आणलेले थर्माकोलचे खोके आणि भंगारवाल्याकडचा अर्धा कापलेला निळा ड्रम. कढीपत्ता, मिरची, पुदिना, अळू, टोमॅटो, आणि एक लिंबू, जे चार वर्षं फक्त काटे देतंय.

पहिल्यांदा मी माहेरच्या खाक्यानं कोलंबीची टरफलं बादलीत टाकली. तिसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या आजी नाकाला पदर लावून दारात उभ्या. "बेन, कशुंक मरी गयुं छे?" मी त्यांना काही मेलेलं नाही हे पटवत असताना मागून एक मांजर आमच्या घरात शिरलं. त्या दिवसापासून मासळी बंद झाली आणि माझं शास्त्र सुरू झालं.

शास्त्र सोपं आहे. तापवलेल्या सळईनं बादलीला भोकं पाडायची. ओला कचरा एक थर, त्यावर सुका कचरा त्याच्या दुप्पट. अधूनमधून आंबट ताकाचा शिपका, आठवड्यातून एकदा हलवायचं. सुका थर कमी पडला की बादली घाण वास सोडते, चिलटं येतात, अळ्या येतात. सुकं म्हणजे माझ्यासाठी शाळेच्या आवारातली सागाची पानं. सुट्टी झाली की मी ती पोत्यात भरायची आणि स्कूटरवर पुढे ठेवून घरी आणायची. मुख्याध्यापक बघून न बघितल्यासारखं करायचे.

गेल्या श्रावणात माझी पानं संपली. इथला पाऊस काही थांबून विचार करणारा नाही. आवारातली पानं चिखलात मिसळून गेली होती आणि घरात उपासाच्या केळ्यांच्या, बटाट्यांच्या सालींचा ढीग. वर्तमानपत्राचे तुकडे किती घालणार? मी सुक्याच्या शोधात होते आणि त्याच दिवसांत एकदा खालच्या मजल्यावर विरजण मागायला गेले.

खाली जळगावकडचं कुटुंब राहतं. ती माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पण मी तिला वहिनी म्हणते आणि ती मला ताई. तिचा नवरा, म्हणजे भाऊ, इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात आहे. त्या दिवशी वहिनी जमिनीवर बसून उशा भरत होती. शेजारी पोतं उघडं होतं आणि त्यात पांढरंशुभ्र, हलकं, फुगलेलं काहीतरी.

"काय हो हे?"

"कंपनीतलं वेस्ट, ताई. हे आनतात गेटपास घेऊन. उशाले बरं पडतं."

मला तर खजिनाच सापडला. "अहो, हा कापूसच की! मला द्या यातला अर्धा. खतात घालते."

वहिनीनं एक पुंजका उचलला आणि अंगठा आणि बोटामध्ये घोळवला. "मले तं हा कापूस वाटत नही, ताई. हा गुळगुळीत लागी राहिला. कापूस कसा, बोटाले धरतो."

इथे मी थांबायला हवं होतं. तिच्या माहेरी कापूस पिकायचा. शाळेच्या वयात ती वेचणीला जायची, बोटांना बोंडांची टोकं लागून रक्त यायचं, हे तिनंच मला सांगितलं होतं. माझ्या माहेरी कापूस फक्त समईच्या वातीत असायचा. पण मी थांबले नाही. मी चक्क तिला कापूस शिकवला. मिलमध्ये तो धुतात, पिंजतात, म्हणून हाताला वेगळा लागतो. वेस्ट म्हणजे कॉटन वेस्ट, सगळे तसंच म्हणतात. आणि कापूस म्हणजे सेल्युलोज, जे पानात असतं तेच, तीन महिन्यांत खत. ती ऐकत राहिली.

"तुमी शिकेल आहे, ताई. तुमाले माहीत."

अर्धं पोतं मी वर आणलं आणि तिन्ही बादल्यांमध्ये थर घातले. चिलटं कमी झाली, पाणी शोषलं गेलं. मी स्वतःवर खूश होते.

गणपती गेले आणि वहिनी एक गाठ मारलेलं फडकं घेऊन वर आली. आत वांग्याचं बी होतं. भरिताचं वांगं, फिकट हिरवं, हातभर फुगणारं, तिच्या आईनं बांधावर दरवर्षी जपलेलं. आई आदल्या थंडीत गेली. भावांनी सगळ्या वावरात केळी लावली आणि भाजीची रोपं आता ते नर्सरीतून आणतात. हे बी तिच्या आईच्या डब्यात तळाला राहिलं होतं आणि तेवढंच होतं. जुनं बी, त्यामुळे सगळं पेरूनही सहाच रोपं आली. ती सहा रोपं वहिनीनं खिडकीत चहाच्या कपांमध्ये वाढवली. त्यातल्या एकाला जरी फळ धरलं तर बी पुढे जाणार होतं. नाही धरलं तर ते वांगं तिच्या माहेरातून कायमचं संपणार होतं.

"ताई, तुमच्या खतात लावू का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, दुसरीकडे कुठे लावणार?

दसऱ्याच्या सुमारास मी पहिली बादली उघडली. खत काळं झालं होतं आणि त्यात सगळीकडे बारीक पांढरे तंतू. वहिनी वाकून बघत होती. "हे पांढरं काय?" मी हसले. बुरशी, म्हटलं, चांगली बुरशी. हे तंतू दिसले की समजायचं खत जिवंत आहे. वास थोडा आंबूस होता, तो मी पावसाच्या नावावर घातला. खताचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि तिकडून अंगठ्यांचा वर्षाव झाला. माझ्या स्वतःच्या झाडांना मी त्यातलं मूठभरही घातलं नाही. पहिलं खत वहिनीच्या वांग्यांना, हा माझा मोठेपणा. सहा लहान बादल्यांमध्ये निम्मी माती आणि निम्मं खत, असं सढळ हातानं भरून दिलं.

आठवडाभर रोपं जागच्या जागी उभी राहिली. मग पहिल्या रोपानं मान टाकली.

मी खाली जाऊन डॉक्टरसारखी तपासणी केली. "पाणी किती घालता?"

"एक तांब्या."

"अर्धा करा. मुळं गुदमरतात."

तिनं अर्धा केला. दुसरं रोप गेलं. मी म्हटलं, दोन दिवसांआड घाला. तिसरं गेलं. ती बादलीच्या मातीत बोट घालून म्हणायची, ताई, वरची माती कोरडी आहे, खाली ओली आहे. मी म्हणायची, बघा, आधी जास्त झालेलं पाणी अजून मुरलं नाही. दिवाळीच्या आत चौथंही गेलं. एका दुपारी मी कपडे वाळत घालत असताना खालच्या गॅलरीतून तिचा आवाज आला. फोनवर बहिणीशी बोलत होती. "आईच्या हातून कधी एक रोप मरेल नही. माझ्या हातालेच गुन नही, अक्का. पानी घालाचं बी कळत नही मले." मग ती नुसतीच रडली. मी ओले कपडे हातात घेऊन उभी राहिले. मला वाईट वाटलं, पण तेव्हाही मला वाटत होतं की चूक तिचीच आहे आणि आपण फार तर तिला समजावू शकतो.

दिवाळीची सुट्टी संपायला आली तेव्हा पाचवं गेलं. वहिनी ती बादली घेऊन वर आली, दारातच ठेवली. "तुमची बादली, ताई. धुऊन देनार होती, पन त्यातल्या रोपाले हात लावाचा धीर होत नही." आणि खाली गेली.

मी बादली गॅलरीत नेऊन उपडी केली. मातीचा गोळा अखंड बाहेर पडला. हातानं फोडायला गेले तर फुटेना. चार दिवस पाणी न घातलेल्या त्या गोळ्यातून पाणी गळत होतं. मधोमध गादी पिंजून भिजत घातल्यासारखं एक जाडजूड जाळं होतं आणि त्यात वांग्याची मुळं अडकून, काळी पडून, कुजली होती. मी त्यातला एक पांढरा तंतू ओढला. ताणला. बुरशी तुटते. हा तुटेना. नळाखाली धरला तर नव्यासारखा स्वच्छ झाला.

मी तो पुंजका पिळून, पंख्याखाली वाळवून, स्वयंपाकघरात चिमट्यात धरून गॅसवर नेला. तो जळला नाही. आकसला, वितळला, काळी टणक गोळी होऊन चिमट्याला चिकटला आणि घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. धागा जाळून राख झाली तर कापूस, गोळी झाली तर कृत्रिम. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, मुलांकडून वर्गात करून घेते, चाचणीत पाच मार्कांना विचारते. नवरा चहाचा कप घेऊन दारात आला, त्यानं चिमट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हा प्रयोग आधी करायचा असतो ना?" मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात पहिला विचार असा आला, की हे कुणालाच कळणार नाही. रोप मेलं, बादली परत आली, मी माती फेकली, संपलं. वहिनीनं स्वतःलाच दोषी धरलं होतं. मर रोग असतो, कीड असते, थंडी असते, हजार कारणं मी विज्ञानाच्या भाषेत देऊ शकले असते आणि तिनं मान डोलावली असती. त्या विचाराची मला इतकी लाज वाटली की मी चिमटा तसाच हातात घेऊन जिना उतरले.

भाऊ पहिल्या पाळीवरून येऊन जेवत होता. वहिनी त्याला भाकरी वाढत होती. मी दारातच बोलायला सुरुवात केली, कारण आत बसले असते तर मी पुन्हा समजावायला लागले असते. म्हटलं, तुमचं वेस्ट कापूस नव्हता. मी जाळून बघितलं. मुळांना हवाच मिळाली नाही, म्हणून रोपं मेली.

भाऊनं घास ताटात ठेवला. "मॅडम, आमच्या कंपनीत कापूस येतच नही. पूरा पॉलिस्टर. प्लास्टिकचे दाने येतात, ते गरम करून धागा काढतात. मले वाटलं तुमाले बी उशीच भराची आहे."

वहिनी माझ्याकडे बघत होती. "मंग पानी जास्त नही झालं?"

"नाही."

"माझ्या हातानं नही मेले?"

"नाही, वहिनी. माझ्या हातानं."

ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. भाऊ ताट सरकवून उठला, पाणी घेऊन आला. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या ताई, होतं असं. तिनं तसं काही म्हटलं नाही. डोळे पुसले आणि माझ्यावर उखडली. "मी सांगेल होतं तुमाले! सांगेल होतं का नही? बोटाले कळतं ते. इतकीशी होती तवापासून वेचेल आहे मी कापूस. तुमी ऐकलंच नही!"

"नाही ऐकलं," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबणं माझ्या बाबतीत क्वचितच होतं. उत्तर नसलं तरी मी एखादी व्याख्या तरी देते.

मग ती उठली, गॅलरीत गेली आणि तिथून म्हणाली, "सहावं अजून हिरवं आहे. या इकडे."

ते एक रोप आम्ही न्हाणीघरात नेलं. टबात पाणी घेतलं. वहिनी कमरेला पदर खोचून बसली आणि अख्खा गोळा पाण्यात सोडला. माझं काम फक्त खोड धरायचं. मी बोट पुढे केलं की ती नुसती बघायची आणि मी बोट मागे घ्यायची. गोळा भिजून सैल व्हायला बराच वेळ लागला. मग तिनं एकेक तंतू मुळांतून सोडवला, वेणीतली गुंता झालेली बट सोडवावी तसा, मूळ तुटणार नाही इतक्या हळू. जिथे बोटं पोचेनात तिथे शिवणाच्या सुईचं टोक वापरलं. भाऊ स्कूटर काढून किलवणी गावाकडे गेला आणि ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून पोतंभर माती घेऊन आला. मी थोडं जुनं खत देऊ का म्हणून तोंड उघडलं. वहिनी म्हणाली, "सध्या काहीच नको." रोप साध्या मातीत गेलं, त्यावर बांबूची टोपली पालथी पडली आणि मला त्या गॅलरीत यायची बंदी झाली.

बाराव्या दिवशी वहिनीनं खालून हाक मारली. शेंड्याला नवं पान होतं, नखाएवढं. मला तिथे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण बंदी उठल्याचं तिनं अजून सांगितलं नव्हतं.

मधल्या दिवसांत मी माझ्या उरलेल्या बादल्या वाळूच्या चाळणीतून गाळल्या. रोज शाळेतून आल्यावर गॅलरीत पाट टाकून बसायची आणि पांढरे तंतू वेचायची. एक पोतं भरलं. ते सुक्या कचऱ्याच्या गाडीत गेलं. गाळलेलं खत मात्र मी कुठल्याच कुंडीत घातलं नाही. त्यातून अजूनही तंतू निघतात. म्हातारी होईन तोवर निघत राहतील. आता सुक्या थरासाठी भाऊ कारखान्यातून पुठ्ठ्याच्या नळ्या आणतो, ज्यांच्यावर धागा गुंडाळतात त्या. त्यांची प्रत्येक खेप आधी वहिनीच्या बोटाखालून जाते, मग माझ्या गॅसवरून. नळ्या भिजवून फाडल्या की सुरेख थर होतो आणि सागाच्या पानांपेक्षा लवकर कुजतो. सध्याचं माझं खत आधीच्यापेक्षा चांगलं आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. आणि वर्गात धागा जाळायचा प्रयोग येतो तेव्हा मुलांना आधी डोळे मिटून तो बोटांमध्ये घोळवायला लावते.

वांग्याला पौषात फुलं आली. पहिली सगळी गळली. मग दोन फळं धरली, त्यातलं एक लिंबाएवढं होऊन गळलं. एक राहिलं. ते फुगायला लागलं तसं आमच्या जिन्यात येणारा जाणारा प्रत्येक जण वहिनीच्या गॅलरीत डोकावायचा. भाऊ रोज जेवताना त्याच्याकडे बघून उसासे टाकायचा. त्याला काड्यांवर भाजलेलं, वर कच्चं तेल ओतलेलं भरीत दिसायचं. "एवढ्या मोठ्यातून थोडं खाऊ नं, बी काढून," तो म्हणायचा. वहिनी म्हणायची, बियाचं वांगं खायचं नसतं, ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. ते हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी झालं, साल कातड्यासारखी झाली, तरी ती थांबली. मी दिवसातून दोनदा विचारायची, आता? ती मान हलवायची.

होळी होऊन गेल्यावर तिनं ते कापलं. परातीत पाणी घेऊन गर चोळला. पोकळ बी वर तरंगलं, ते ओतून दिलं. भरलेलं बी तळाला बसलं. मोजायचा मोह आम्हा दोघींनाही झाला, पण वहिनी म्हणाली, मोजू नये. आठ दिवस ते ताटात सावलीला वाळलं.

नवव्या दिवशी ती वर आली. हातात वहीच्या कागदाच्या दोन पुड्या होत्या. एक तिनं माझ्या तळहातावर ठेवली.

"अर्धं तुमच्याकडे राहू द्या, ताई. एकाच घरात ठेवू नही बी."

मी म्हटलं, "वहिनी, मला कशाला देता? माझ्या हातून तुमची पाच रोपं मेली."

"म्हनूनच देऊन राहिली," ती म्हणाली. "आता तुमी मले विचारल्याशिवाय काही करनार नही."

मी पुडीवर बोटं मिटली आणि विचारलं, "कुठे ठेवू?"